गुमताऱ्याची आडवी वाट

उंचावर उभं राहिलं की माझे पाय लटपटतात, ही गोष्ट मी आमच्या गटातल्या बाकीच्या सहाही जणांपासून लपवली होती. मी शिकवायचो त्या शाळेच्या गच्चीवर गेलो तरी कठड्यापासून चार हात लांबच राहायचो. तरीही आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात हिमालयातल्या एका शिखरावर जाणाऱ्या गटात मी नाव दिलं, आणि शाळाभर त्याचा डांगोरा पिटला. मुख्याध्यापकांनी रजा मंजूर केली, मुलांनी हारतुऱ्यांसकट निरोप उरकून घेतला. शिखर खिशातच असल्यासारखा मी भिवंडीच्या बाजारातून मिरवत होतो.

मोहिमेआधी सराव म्हणून लीडरनी एका रविवारी आम्हाला जवळच्या गुमतारा गडावर नेलं. ते बँकेत कारकून होते, आधी एकदा हिमालयात जाऊन आलेले. बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की कुणाचं ऐकायचे नाहीत. दुगाड फाट्याला एसटीतून उतरल्यावर जवळच्या वीटभट्टीवरून त्यांनी प्रत्येकाच्या पाठपिशवीत विटा भरायला लावल्या आणि म्हणाले, "मला धरून सहाच जण जाणार. सातवा कोण राहतो, ते गड उतरल्यावर सांगतो."

मला वाटत होतं, राहील तर तो लूमवाला. दिघाशीचा गडी, कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यात लूम चालवायचा. शिफ्ट संपवून केसांतल्या कापसासकट तसाच आला होता. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलतात. हा मोकळ्या रानातही तसंच बोलायचा आणि मला त्याची चीड यायची.

"अरे, मी बहिरा नाही," मी त्याला सुनावलं.

"सवय हाय, मास्तर," म्हणून तो हसला.

बांबूच्या रानातून घाम गाळत दोन तास चढलो आणि एकदम झाडं संपली. समोर काळा कातळ सरळ आभाळात गेलेला. त्याला बिलगून हातभर रुंदीची एक आडवी वाट होती. लीडर आणि चौघं भराभर पुढे गेले, मागोमाग लूमवाला, शेवटी मी.

वाटेच्या मध्यावर मी खाली पाहिलं. माझ्या पायांखाली एक घार तरंगत होती. घार नेहमी खालून बघितलेली. तिची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. पिंगट, उन्हात लखलखणारी. आणि तिच्याही कितीतरी खाली दुगाडची कौलं. खोटं कशाला सांगू, भीती नंतर आली, आधी मी थक्क झालो. एवढं अफाट जग आपल्या शाळेपासून थोड्याच मैलांवर रोज असं उघडं पडलेलं असतं, आणि आपण फळ्याकडे तोंड करून उभे असतो!

मग भीती आली. कातळाला छाती लावून मी जागच्या जागी गोठलो. लीडर पुढच्या वळणाआडून ओरडत होते, पण वाऱ्यात एक शब्द कळेना.

लूमवाला मागे वळला आणि वाटेच्या पलीकडच्या टोकाला उकिडवा बसला. त्याने आवाजच केला नाही. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली. माझ्याकडे बघा. तळवा खाली दाबला. थांबा. मग ओठ मोठे करून, डावा पाय. वीतभर. आता हात वर, तिथे खाच आहे. त्याचं एकूण एक म्हणणं मला त्या वाऱ्यात समजत होतं. पलीकडे पोचल्यावर त्याने माझं मनगट धरलं आणि वाट रुंद होईपर्यंत सोडलं नाही.

माथ्यावरून पूर्वेला माहुलीचे सुळके दिसले, पश्चिमेला चकाकणारी खाडी. सगळे भाकरी खात होते. माझी भाकरी हातातच राहिली, इतकं ते सगळं मोठं होतं. मनात म्हटलं, वाचलो. हा कुणाला सांगणार नाही.

फाट्यावर परतल्यावर लीडरनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"मास्तर आडव्या वाटेला अडकले व्हते," लूमवाला म्हणाला. "लय भ्याले व्हते. त्यांना न्यायचं न्हाय."

माझं डोकं सणकलं. "तुला कुणी विचारलं रे? स्वतःची जागा पक्की करतोस?"

तो चिडला नाही. "एक तार तुटली का आम्ही लूम बंद करतो, मास्तर. तसाच चालवला तर पुढचं कापड बाद. तिथं एकाच दोरीला सगळी जणं बांधलेली असनार. तुम्ही गेलात तर सगळी जातील."

"खरं आहे?" लीडरनी मला विचारलं.

नुसता पाय घसरला होता, असं म्हणालो असतो तर खपलं असतं. लूमवाला माझ्याकडे बघत होता, मघा कड्यावर बघत होता तसाच. "खरं आहे," मी म्हणालो. एसटीत मात्र त्याच्यापासून लांब बसलो. पुढे महिनाभर मी त्याचं नाव टाकलं होतं.

मे महिन्यात ते गेले आणि शिखर करून सहाही परतले. हार घेऊन मी एसटी स्टँडवर गेलो. लीडर सांगत होते, शेवटच्या धारेवर एक जण जरी बिचकला असता तरी सगळे दरीत गेले असते. शेजारी लूमवाल्याची बायको कडेवर तान्हं पोर घेऊन ऐकत होती. तिच्याकडे बघायचं मला धाडस होईना. त्याने तोंड उघडलं नसतं, तर नुसतं शाळेत तोंड दाखवता यावं म्हणून मी त्या दोरीला स्वतःला बांधून घेतलं असतं.