ओकादासानांचा वनदेव

कुणी मागितलेली नसते, नेमकी अशी मदत मी फार मनापासून करतो. जपानमध्ये, फुनाबोरीत, इतकी वर्षं काढूनही माझं जपानी रडतखडतच चालतं. ऑफिसात 'चंद्रहाससान' म्हणून मान मिळतो, तोही मीटिंगमध्ये गप्प बसतो म्हणून. पण पितळ घासण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ओकादासान गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या, तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. त्यांच्या खिडकीत वीतभर ब्राँझची मूर्ती होती: बकरीच्या पायांचा, बासरीवाला ग्रीक वनदेव. बोटीवर इंजिनिअर असलेल्या त्यांच्या दिवंगत यजमानांनी ती इटलीतून आणली होती. रेनेसाँच्या काळातली, असं त्या सांगायच्या. मी मान डोलवायचो. विकणारा काय, काहीही सांगतो.

दिवाळीला घरचे देव चिंचेनं घासले आणि चिंच उरली. ती वाया कशी घालवायची?

"अहो, लोकांच्या वस्तूला हात लावू नका," बायको, चैत्राली, म्हणाली.

"अगं, काळाठिक्कर पडलाय बिचारा!"

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. वनदेव असा लखलखला की मीच हात जोडले. मुलीला, सलोनीला, कौतुकानं दाखवला तर ती जपानीतूनच किंचाळली. जुन्या ब्राँझवरचा काळा थर हीच त्याची शोभा असते, तो काढायचा नसतो, हे तिनं मला फोनवर शोधून वाचून दाखवलं.

ओकादासान परतल्या तेव्हा मी दारातच कमरेत वाकलो आणि सगळं सांगून टाकलं. मूर्तीकडे बघताना त्यांचे डोळे भरले.

"हे रोज संध्याकाळी त्याला हातात धरून बसायचे," त्या म्हणाल्या. "तो रंग त्यांच्या हातांचा होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी आणून देतो म्हणालो, इतका मी शहाणा.

त्यांनी वनदेव माझ्या हातात दिला. "माझे हात कोरडे. तुमच्या तळव्यांना घाम फार येतो. तुम्हीच धरून बसा."

तेव्हापासून ऑफिसहून आलो की मी वनदेव मुठीत धरून त्यांच्याकडे बसतो. त्या चहा करतात, बोटीवरच्या गोष्टी सांगतात. निम्म्या मला कळत नाहीत. परवा त्याच्या खांद्यावर जराशी काळसर झाक दिसली. मी हरखून दाखवली.

त्यांनी चष्मा लावून निरखलं, आणि एप्रनच्या टोकानं ती घासून पुसून टाकली.

"छे, अजून कुठे," त्या म्हणाल्या. "उद्या या."