काळी भिंत आणि वरचा म्हातारा

सूड कसा उगवावा हे माझ्याकडून शिकावं. आयुष्यात एकच उगवला, आणि तो माझ्याच बायकोच्या छातीत जाऊन बसला.

जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या बाहेरच्या वस्तीत आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहतो. मी हॉटेलात रस्सा ढवळतो, आणि वर राहणारा घरमालक आम्हाला ढवळतो. पलंगामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली, बायकोचा खोकला थांबेना. म्हणलं, भिंत दुरुस्त करून द्या. म्हातारा आला, वास घेतला आणि म्हणाला, "दिवसभर भात उकळता, खिडकी उघडत नाही. ल्युफ्टेन!" म्हणजे हवा खेळवा. शिवाय बायकोला खिडकीपाशी बोलावून कडी कशी फिरवायची ते दाखवलं. लहान पोरीला दाखवावं तसं!

आमच्या गावच्या घराला खिडकीच नव्हती, नुसतं भोक होतं. हा मला हवा शिकवणार?

तेव्हाच ठरवलं, ह्याला सरकारसमोर नाक घासायला लावायचं. हॉटेलच्या शेठनं माझ्या वतीनं गेसुंडहाइट्सआम्टला, इथल्या आरोग्य खात्याला, फोन लावला. पंधरा दिवसांनी खात्याची बाई भिंत तपासायला येणार असं ठरलं.

मग मला घोर लागला. बाई एवढ्या लांबून येणार, आणि दाखवायचं काय, ताटलीएवढा डाग? म्हातारा खो खो हसला असता. कामाला लागलो. खिडक्या गच्च लावल्या. ओल्या चादरी हीटरवर टाकल्या. शेगडीवर मोठं पातेलं चढवून तांदळाच्या फेण्या वाफवायला घेतल्या, आणि पलंगावर जुनं लुगडं अंथरून वाळत घातल्या.

"अहो, जीव घुसमटतोय. एक खिडकी तरी उघडा," बायको म्हणाली.

"कळ काढ. बाई येऊन जाऊ दे."

"तोवर मी राहते का बघा!"

"राहशील. तिच्यासमोर जरा जोरात खोक, म्हणजे म्हातारा मेलाच."

ती खुर्चीत बसून झोपायला लागली. डाग मात्र छान भरला, पार छतापर्यंत गेला. मी तो बघून मिशीला पीळ द्यायचो. मिशी नाही मला, तरी द्यायचो.

बाई आली. तिनं भिंतीला यंत्र लावलं, मग समोरच्या भिंतीला, मग दाराला. काचांवरून पाणी ओघळत होतं. फेण्यांकडे बघून तिनं विचारलं, "हे काय?" म्हणलं, खाऊन बघा. तिनं नाही खाल्ल्या. बाहेर जाऊन भिंत बघून आली आणि म्हणाली, "पन्हळीचा पाइप फुटलाय, पाणी ह्याच कोपऱ्यावर पडतं. तो घरमालकाचा दोष. पण आता सगळी खोलीच इतकी ओली आहे, की पाइपाचं पाणी कुठलं आणि तुमची वाफ कुठली, मला सांगता येत नाही. आधी खोली वाळवा, मग परत फोन करा."

"गेनाऊ!" दारातून म्हातारा म्हणाला. बरोबर! त्याच्या तोंडावरचं ते हसू आठवलं की अजून माझी मूठ वळते.

दोघं गेल्यावर मी ओरडलो, "सोडणार नाही ह्याला! परत बोलावतो बाईला, वकील लावतो, पेपरात देतो..."

बायको खोकत खोकत उठली, पलंगावरचं लुगडं फेण्यांसकट गोळा केलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

"आधी खिडकी उघडा," ती म्हणाली, "आणि तोंड मिटा."