शेवटच्या होडीची शीळ

घड्याळजींचा कान असा तयार होता की गिऱ्हाईक उंबरठ्यावर असतानाच ते म्हणत, "मागे पडतंय ना?" घरात मात्र त्यांना कमी ऐकू येते, असे त्यांच्या पत्नीचे ठाम मत होते. "लोकांच्या मनगटावरची टिकटिक ऐकू येते, बायकोची हाक तेवढी नाही!"

म्हणून ती शीळ घाली. त्यांच्या एकुलत्या एका प्रवासात ती शिकली होती. नदीच्या धक्क्यावरचे बंद पडलेले घड्याळ निरखताना घड्याळजींना भान राहिले नाही आणि शेवटची होडी सुटायची वेळ झाली. तेव्हा नावाड्याने तीन सुरांची शीळ घातली. तिसरा सूर लांबच लांब खेचलेला. ती ऐकून ते धावत आले. पुढे जन्मभर तीच शीळ त्यांना ताटावर बोलवी, आणि कुत्र्यालाही. कुत्र्याचे नाव मुकादम; कारण तो काडीचे काम न करता सगळ्यांवर देखरेख ठेवी.

गेल्या वर्षी तिच्या छातीने दगा दिला आणि शीळ थांबली. निदान घड्याळजींची तशी समजूत होती. ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुकानात, मुकादम त्यांच्या टेबलाखाली. हिवाळा सरता सरता ती गेली. मग मुलीच्या आग्रहाने दुकान मोडले. शनिवारी तिच्या घरी कायमचे जायचे ठरले.

दुकान नसल्यामुळे कित्येक वर्षांत प्रथमच ते दुपारचे घरी होते. साडेतीनच्या सुमारास परसातून शीळ आली. मुकादम ताडकन उठला, मागच्या दाराशी धावला आणि थोड्या वेळाने शेपूट पाडून परतला. घड्याळजींनी हातातला कप बशीत ठेवला आणि कान दिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

शनिवारी मुलगी आली. शीळ ऐकताच तीही दचकली. मग तिने परसात डोकावून पाहिले.

"बाबा, कोतवाल पक्षी आहे तो. तारेवर बसलाय बघा. सगळ्यांच्या नकला करतो मेला."

"पाहिलाय मी. नकला करतो ना? मनाचं काही रचत नाही."

"म्हणजे?"

"तिसरा सूर ऐक."

कोतवालाने पुन्हा शीळ घातली. तिसरा सूर मध्येच तुटला, क्षणभर काहीच नव्हते, आणि मग उरलेला तुकडा कसाबसा आला.

"चांगल्या छातीची शीळ नाही ही," घड्याळजी म्हणाले. "आजारपणातली आहे. आणि पाखराला पाठ व्हायची, तर एकदोनदा ऐकून होत नाही."

"आई मुकादमला बोलवत असेल हो."

"मुकादम माझ्यापाशी असायचा. रोज."

मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली. मागची पायरी एका बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे कोण बसत असे, हे आता दोघांनाही विचारावे लागले नाही.

"बाबा, गाडी थांबलीय," थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली.

"जाऊ दे तिला."

बाहेर जाऊन तिने गाडी परत पाठवली.

शीळ आली. या खेपेला मुकादम जागचा हलला नाही. त्याने फक्त मालकाकडे पाहिले. घड्याळजी भिंतीचा आधार घेत उठले, मागचे दार उघडून पायरीच्या झिजलेल्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "आलो गं."

तारेवर कोणी नव्हते.