जयवंतदादाचं ‘घट्ट’

लालबागच्या चाळीत जयवंत परबला सगळे दादा म्हणतात. पोटापाण्यासाठी तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामात सुपरवायझर. पण श्रावण लागला की याचं डोकं संध्याकाळीच चालतं, हे तिथला साहेबही ओळखून आहे. संध्याकाळी तो मुलींच्या गोविंदा पथकाचा सराव घेतो. सहा थर. सगळ्यात वर त्याचीच पूर्वी, वय एकोणीस, अंगाने शेवग्याची शेंग.

दादाची रीत सव्वीस वर्षांची. थर चढताना तो वर बघत नाही. तळाच्या मुलींच्या पाठीवर एकेक करून तळहात टेकवतो आणि म्हणतो, “घट्ट.” तो शब्द ऐकल्याशिवाय पूर्वी चौथ्या थराच्या वर पाय टाकत नाही. कसं कळतं विचारलं, तर दादाचं उत्तर ठरलेलं, “माहीत असतं.” थोडा माज होताच त्यात, आणि तो शोभायचाही.

पूर्वी दादरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, “पप्पा, ज्ञान म्हणजे काय? आपल्याला वाटतं ते खरं पाहिजे, आणि तसं वाटायला कारण पाहिजे. पण आता म्हणतात, तेवढ्याने भागत नाही.”

“मग काय लागतं?”

“त्यावरच भांडतायत अजून.”

“कामधंदे नाहीत लोकांना,” दादा हसला. त्यानंतर तो असा मोकळा हसलेला कुणी पाहिला नाही.

त्याच संध्याकाळी थर लागले. वरळी कोळीवाड्याची देविका म्हणजे तळाचा खडक. तळाच्या मुलींच्या माना आत झुकलेल्या, म्हणून पाठीवर छापलेलं तिचं नाव वाचून दादाने हात टेकवला, पाठ हलत नव्हती. “घट्ट,” तो म्हणाला. पूर्वी वर गेली, हात उंचावला, उतरली. टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात चाळीच्या फाटकातून देविका लंगडत आत आली.

“सॉरी दादा, पाय मुरगळला. रुचाचा शर्ट अजून छापून आला नाही ना, दुपारीच माझा दिला तिला, माझ्या जागी उभी राहा म्हणून.”

रुचा पथकात येऊन आठ दिवस झाले होते. ती रडायलाच लागली. “माझे गुडघे सुटले होते, दादा. मागच्या रांगेतल्या शकूने कमरेला धरलं म्हणून राहिले.”

“तिला घाम फुटलेला दिसला, म्हणून धरलं,” शकू म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

दादा मात्र मटकन खाली बसला. थर उभा राहणार असं त्याला वाटलं होतं आणि तो राहिलाही. वाटायला कारण होतं. तरीही त्याला काहीएक माहीत नव्हतं. तळाला कोण उभं आहे, एवढंसुद्धा नाही. पोरगी सहाव्या थरावर होती ती शकूच्या नजरेच्या भरवशावर. आणि अशी भीती एका दिवसापुरती थांबत नाही, ती मागे मागे चालत जाते. सव्वीस वर्षांत किती वेळा त्याला खरंच कळलं होतं आणि किती वेळा नुसतं निभावलं होतं?

पुढच्या सरावापासून तो प्रत्येकीचा चेहरा बघू लागला, नाव विचारू लागला, दोनदा हात टेकवू लागला. ‘घट्ट’ म्हणायचा, पण उशिरा.

गोपाळकाल्याला दादरमध्ये त्यांची पाळी आली. चार थर लागले. पूर्वी चौथ्यावर थांबली आणि शब्दाची वाट बघू लागली. तळाला देविकाच होती, पाय बरा झालेली. दादाने चेहरा पाहून खात्री केली. पाठी शांत होत्या. तरी त्याने पुन्हा एकदा सगळ्या पाठींवर हात टेकवला.

“दादा, लवकर,” तळातून देविका म्हणाली.

“मला माहीत नाही,” दादा म्हणाला. “पूर्वी, उतर.”

शिट्ट्या वाजल्या, माइकवाल्याने पुढच्या पथकाला बोलावलं. मुली मान खाली घालून परतल्या.

घरी आल्यावर पूर्वीने विचारलं, “पडणार होतो, हे माहीत होतं तुम्हाला?”

“नाही. पडणार नाही, हेही माहीत नव्हतं.”

तिने कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाली, “पडलोच असतो, पप्पा. तळ चांगला होता. माझेच पाय लटपटत होते.”

दादाने तिच्या पायांकडे पाहिलं. त्याचा हात तिथवर कधी पोचलाच नव्हता. “कधीपासून?”

“तुम्ही घट्ट म्हणायला वेळ लावायला लागलात, तेव्हापासून.”