"आई, जेवलीस का?"

मंडळी, आज डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते.

युजर रिसर्च हे माझं काम. लोकांच्या घरी जाऊन ते फोन कसा वापरतात, हे समजून घ्यायचं. आमची कंपनी किराणा घरपोच देणारं ॲप चालवते, ऑफिस शहरात, सात रस्ता चौकात.

मागे जवळच्याच होटगी गावातल्या एका मावशींकडे गेले होते. एकट्याच राहतात. मला कडक भाकरी अन् शेंगाचटणी वाढत म्हणाल्या, "पोरगा पुण्याला असतोय. दुपारी मेसेज करायचा, आई जेवलीस का. आता न्हाय करत. पण फोन वाजला की हात जातोच की."

हे मी ऑफिसात सांगितलं ते एवढ्यासाठी, की अशा माणसांना उगाच मेसेज पाठवू नका.

आज दुपारी मावशींचा फोन आला. आमच्या ॲपवरून त्यांना मेसेज गेला होता: "आई, जेवलीस का? तांदूळ संपला असेल तर मागव."

"मला पोराचाच वाटला बग," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तू सांगितलंस व्हय त्यांना?"

मी तशीच साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. ते हसले. "अगं, तुझाच तर रिसर्च. यालाच एम्पथी म्हणतात."

नोकरीच्या मुलाखतीत याच माणसानं मला विचारलं होतं, लोकांबद्दल मनापासून तळमळ आहे ना? ती त्यांना कशाला हवी होती, ते आज कळलं.

उद्या होटगीला जाणार आहे. मावशी काही विचारायच्या आधी मला जेवायला वाढतील. तो घास घशाखाली कसा उतरवू, सांगा.