आक्काची टेंभुर्णी

बक्षीस प्रेशर कुकरचं आहे, हे आक्काला सांगायलाच नको होतं. मी निपाणीच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायचो. आक्का माझी थोरली बहीण, वीस वर्षं विड्या वळणारी. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या झाडीत निसर्गमंडळानं खजिन्याचा शोध ठेवला होता. ऐंशीच्या दशकातल्या त्या रविवारी आम्ही दोघं निघालो.

जाणार असाल तर पहाटेचीच बस धरा. संकेश्वरपर्यंत बसायला जागा मिळाली तर नशीब समजा. बेळगावात रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात, तेव्हा सिटी बस बरी. इंग्रजांनी राखलेली ती झाडी मात्र खरोखर देखणी. मंडळाचे सभासद कडक इस्त्रीत आलेले. निसर्गाशी त्यांची पहिलीच भेट असावी.

एकेका झाडाला चिठ्ठी, त्यात पुढच्या झाडाची खूण. शेवटची खूण होती, ज्याच्या पानाची विडी होते ते झाड.

"वीस वरसं पान हातात हाय, झाड कवा बघितलंच न्हाय," आक्का म्हणाली. कुकर ती तिथंच विसरली.

'टेंभुर्णी' अशी पाटी ठोकलेल्या झाडाकडे सगळे धावले. आक्काला वाचता येत नव्हतं. तिनं खालचं पान उचललं, बोटांत गुंडाळलं.

"हे न्हवं रं. ह्याची विडी सुतळीनं बांधाय लागंल."

"बाई, पाटीवर लिहिलंय की!" अध्यक्ष हसले.

"पाटीनं कधी विड्या वळल्यात?"

ते झाड कुंभ्याचं होतं. मला झाड बघताक्षणीच कळलं होतं. पण मंडळाच्या समितीवर जायची माझी खटपट चालली होती, म्हणून घसा नेमका तेव्हाच बसला. आक्का एकटीच पाचोळा चाचपत गेली आणि कुंपणाजवळ थांबली. एका काळ्या खोडाला तिनं दोन्ही हात लावले. "हीच की गं बाई!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

खजिन्याची चिठ्ठी अर्थातच पाटीवाल्या झाडाला होती. कुकर दुसऱ्यांनीच नेला. आम्ही खव्याचा कुंदा घेऊन परतलो.

आक्कानं पदरात आणलेलं पान मी संग्रहवहीत चिकटवलं. खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'टेंभुर्णी. शोधणारा', आणि पुढे माझं नाव.

आक्कानं त्या नावावर बोट ठेवलं. "हितं माझं नाव हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.