दोरा बांधलेलं जीवशास्त्र

आमच्या साडूभाऊंनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी अकरावी-बारावीचं अख्खं जीवशास्त्र आणि जवळजवळ सगळं रसायनशास्त्र पाठ केलं, आणि त्यातल्या एकाही वाक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. असा अभ्यास या पृथ्वीवर दुसऱ्या कुणी केला असेल, तर मी माझी मिशी उतरवायला तयार आहे. लोक पास होण्यासाठी वाचतात, काही आवडीने वाचतात. साडूभाऊ मात्र खोट्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसं पुस्तक वाचायचे. पान उलटताना त्यांच्या चेहऱ्यावर ‘असं का? बोल, पुढं बोल’ असा भाव असायचा.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते सुपरवायझर आहेत. सकाळी मोटारसायकलला किक मारायची आणि जाफराबाद-भोकरदनकडचे सीड प्लॉट पालथे घालायचे, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. संकरित कापसाचं बी शेतात आपोआप उगवतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो. दुपारनंतर मादी ओळीतल्या, उद्या उमलणाऱ्या कळ्या एकेक करून उकलायच्या, आतले पुंकेसर अलगद काढून टाकायचे, देठाला लाल दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं. दोरा असलेलं बोंड तेवढं बियाण्याचं, बाकीचं साध्या कापसात. आणि हे सगळं काम होतं अंगठ्याच्या नखाने. साडूभाऊंच्या उजव्या अंगठ्याचं नख हे नख नव्हतंच, ते अवजार होतं. त्या नखाने त्यांनी पाकिटं फाडली, स्क्रू पिळले, आमच्या शेगडीचा तुंबलेला बर्नर मोकळा केला. माझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोत आधी ते नख येतं आणि मग साडूभाऊ.

त्यांची एकुलती एक मुलगी दीपाली. सुट्ट्यांमध्ये बापाच्या मागे मोटारसायकलवर बसून प्लॉटवर जायची, बायकांच्या रांगेत उभी राहून कळ्या उकलायची. तिच्याही अंगठ्याला त्या नखाची धाकटी बहीण होती. पोरगी हुशार. डॉक्टर व्हायचं हे तिने चौथीतच ठरवलेलं. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसली, आणि तिथे नशिबाने तिच्या अगदी घरचा प्रश्न आला: संकर करताना फुलातले पुंकेसर कशाने काढतात? चार पर्यायांत चिमटाही होता आणि नखही होतं. पुस्तकात चिमटा आहे. दीपालीने आयुष्यात चिमट्याने एकही कळी उकललेली पाहिली नव्हती. तिने छाती पुढे काढून नखावर खूण केली. चार मार्क गेले, वरून एक कापला गेला. आणि सरकारी कॉलेजची सीट हुकली तीन मार्कांनी.

साडूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मस्तगडाजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेले आणि पोतंभर पुस्तकं घेऊन थेट माझ्या घरी आले. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे छापलेल्या प्रत्येक गोष्टीला मी जबाबदार आहे अशी त्यांची समजूत आहे.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “म्या पोरीला चुकीचं शिकवलं न्हाई. बराबर शिकवलं, म्हून तिचं नुकसान झालं. आता पुस्तकात काय काय लिव्हलंय ते समदं मला पाठ पाहिजे. पुन्हा माझ्यामुळं मार्क जायला नको.”

मेहुणीने एकच वर्ष दिलं होतं. या वेळीही हुकलं तर दीपाली गावातच बीएस्सी करणार, असं मायलेकींत ठरलेलं. परतूरचं एक स्थळ तर आधीच दोनदा चहा पिऊन गेलं होतं, आणि दुसऱ्या वेळी बिस्किटंही संपवून गेलं होतं.

मग साडूभाऊंनी उजळणी हातात घेतली, ती सीड प्लॉटच्या पद्धतीने. त्यांचं म्हणणं, डोकं काय आणि शेत काय, आज परागण केलं म्हणजे बोंड धरलंच असं नाही. आठ दिवसांनी जाऊन पाहावं लागतं. म्हणून दीपालीचा एखादा मुद्दा झाला की ते चिठ्ठीवर त्याचं नाव लिहायचे, दोऱ्यात ओवायचे आणि खिडकीच्या गजाला बांधायचे. जीवशास्त्राला लाल दोरा, रसायनशास्त्राला पांढरा. आठव्या दिवशी त्या दोऱ्याला हात लावून विचारायचं, “धरलं का?” पोरीने घडाघडा सांगितलं तर दोरा राहिला. अडखळली तर नखाने टचकन तोडला, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या महिन्यात गज भरले. दुसऱ्या महिन्यात पडद्याची दांडी, कॅलेंडरचा खिळा, पंख्याचं बटण. त्या घरात पंखा लावायचा तर आधी प्रकाशसंश्लेषण बाजूला सारावं लागायचं. फ्रिजच्या हँडलला पचनसंस्था होती. दुधाचं पातेलं काढायला गेलेल्या मेहुणीच्या हाताला रोज लहान आतडं लागायचं.

रस्त्यावरून ती खिडकी दिसायची. गल्लीतल्या बायकांनी आपापसात ठरवून टाकलं, की साडूभाऊंनी पोरीसाठी काहीतरी कडक नवस बोललाय. आठवडाभरात खिडकीला बाहेरून एक परका दोरा आला. आठव्या दिवशीच्या पाहणीत साडूभाऊंना तो सापडला, चिठ्ठी नसलेला.

“हा कशाचा?” त्यांनी विचारलं.

“मला नाही आठवत, पप्पा.”

झालं. अख्खा धडाच्या धडा पोरीच्या डोक्यातून गळाला, या धास्तीने साडूभाऊंनी दोन दिवस सगळी पुस्तकं चाळली. शेवटी समोरच्या काकूंनी लाजत लाजत कबूल केलं, की तो दोरा त्यांचा आहे, सुनेसाठी बांधलाय. मी म्हटलं, तोडून टाका. साडूभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी दरोड्याचा सल्ला दिला.

“दुसऱ्याच्या दोऱ्याला हात लावत नसतेत, पाव्हणं. प्लॉटचा कायदा हे.”

कायदा पाळायचा तर तो पूर्ण. दर आठ दिवसांनी ते खिडकीतून समोर ओरडून विचारायचे, “काकू, धरलं का?” तिसऱ्या आठवड्यापासून त्या घरची सून अंगणात यायची बंद झाली.

रसायनशास्त्रावर त्यांचा राग जरा कमी होता, कारण ते त्यांना बियाण्याचाच धंदा वाटायचा. मोल ही कल्पना मी तीन प्राध्यापकांकडून ऐकली आहे आणि तिन्ही वेळा मला झोप लागली आहे. साडूभाऊंनी ती मला पोहे खाता खाता समजावली. “मोल म्हंजे पाकीट. पाकिटात दाणे ठरल्याइतकेच. मिरचीचं पाकीट हलकं, कापसाचं जड, पण दाणे तितकेच. आता इतके बारीक दाणे कोण मोजत बसंल? वजन करायचं आन् दाणे किती ते सांगायचं. यात अवघड काय हे?” खरोखर काही नव्हतं. मूत्रपिंड तर त्यांनी कंपनीच्या ग्रेडिंग मशीनवर बसवलं होतं: आधी सगळं जाळीतून खाली पाडायचं, मंग कामाचं तेवढं वर उचलून घ्यायचं. निष्क्रिय वायू म्हणजे कुणाच्याच लग्नाला न जाणारी गावातली मोठी घरं. दीपाली हे सगळं ऐकायची, हसायची आणि पुस्तकी भाषेत वहीत उतरवून घ्यायची. मला वाटतं, त्या वर्षी ती जितकं रसायनशास्त्र शिकली तितकंच भाषांतरही शिकली.

पाठांतर पक्कं राहावं म्हणून साडूभाऊ दिसेल त्याला प्रश्न विचारायचे. परतूरला एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाला अंगठी घालायच्या आत त्यांनी गाठलं आणि हृदयाचे कप्पे विचारले. मुलगा इंजिनिअर. घाबरून दोन म्हणाला. साडूभाऊंनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं, “पोरगं चांगलं हे, पण दोन कप्प्यांवर चालू हे. माशासारखं.” तो साखरपुडा पार पडला, हे त्या मुलीच्या बापाचं धैर्य.

हे सगळं बरं चाललं होतं. अडलं एकाच दोऱ्यापाशी. चिमट्याचा दोरा.

तो त्यांनी मुद्दाम बाहेरच्या दाराच्या कडीला बांधला होता, येता-जाता दिसावा म्हणून. आणि येता-जाता ते त्याच्याशी भांडायचे. “हे पुस्तक लिव्हणाऱ्यानं कधी कळी हातात धरलीय का? कळीचा जीव केवढा, चिमट्याचं टोक केवढं!” एके दिवशी त्यांनी मेडिकलमधून खरोखरचा चिमटा विकत आणला आणि प्लॉटवर नेला. पुस्तकाची परीक्षा घ्यायला. तिथली सगळ्यात चपळ बाई गयाबाई. नखाने ती एका दुपारी हजारभर कळ्या उकलते, साडूभाऊंच्या हिशेबाने लाखभर. तिच्या हातात चिमटा दिला. तासाभरात तिच्या वीस कळ्या झाल्या, त्यातल्या बारा मेल्या. गयाबाईने चिमटा परत दिला.

“सायेब, ह्यो भुवया कोरायचा हे. पोरीला द्या.”

साडूभाऊ लढाई जिंकल्यासारखे घरी आले. मी तेव्हा तिथेच होतो. त्यांनी आकडे सांगितले, मेलेल्या कळ्या रुमालातून काढून टेबलावर मांडल्या. दीपाली सराव पेपर सोडवत होती. तिने त्या कळ्यांकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं.

“पप्पा, तुमचंच खरं हे. मला माहीत हे. पण मला प्लॉटवर रोजानं नाही लागायचं. मला परीक्षा द्यायचीय.”

साडूभाऊंनी कळ्या परत रुमालात बांधल्या.  चहा मात्र साय धरेपर्यंत तसाच राहिला.

त्यानंतर दर आठ दिवसांनी प्रश्न उलटा यायला लागला. दीपाली कडीच्या दोऱ्याला हात लावून विचारायची, “पप्पा, पुंकेसर कशानं काढतात?” साडूभाऊ तोंड उघडायचे, अंगठ्याकडे बघायचे, तोंड मिटायचे. दोरा तुटायचा, नवा बांधला जायचा. पोरीचे सगळे दोरे धरले होते, बापाचा एक धरत नव्हता. आणि मला दिसत होतं, की बाप हे उत्तर देत नाही तोवर पोरीलाही खात्री वाटत नव्हती. पुस्तक एकीकडे आणि पप्पा दुसरीकडे, असा पेपर तिला पुन्हा द्यायचा नव्हता. परीक्षेच्या आदल्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. साडूभाऊंनी उजवा हात पाठीमागे घेतला.

“चिमट्यानं,” ते म्हणाले. सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात साक्ष देताना माणसाचा आवाज येईल, तसा आवाज.

“धरलं,” दीपाली म्हणाली, आणि वही मिटली.

परीक्षा गावातच होती. मीही गेल्तो, मेहुणीने डबा दिला होता आणि साडूभाऊंवर लक्ष ठेवायची कामगिरीही. गेटवर तपासणी करणाऱ्या बाईंनी दीपालीच्या मनगटावरचा, आईने बांधलेला दोरा काढायला सांगितला. गाठ घट्ट. कात्री कुणाकडे नव्हती. मागे रांग वाढलेली, पोरीचे डोळे भरायला आलेले. साडूभाऊंनी फक्त “आण हात” म्हटलं आणि नखाने एका झटक्यात दोरा तोडला. त्या बाई नखाकडे बघत राहिल्या. हे आत नेता येणार नाही असं म्हणतील की काय, अशी मला भीती वाटली.

संध्याकाळी पोरं बाहेर आली. इतर बाप विचारत होते पेपर कसा गेला, किती सोडवले. साडूभाऊंनी गेटपाशीच विचारलं, “आल्ता का?”

“नाही आला, पप्पा.”

“चिमट्याचा?”

“चिमट्याचा नाही, कळीचा नाही, त्या धड्यावर तसलं काहीच नाही. बाकी सगळं आल्तं.”

साडूभाऊंचा चेहरा आधी सुटला आणि लगेच पडला. घरी जाईपर्यंत ते एवढंच म्हणत होते, “इतकी मोठी गोष्ट, आन् विचारली न्हाई?” ज्या साक्षीसाठी त्यांनी स्वतःचा अंगठा नाकारला, ती साक्ष कुणी मागितलीच नव्हती.

दीपालीला सीट मिळाली. सरकारी कॉलेज, पण पार विदर्भाच्या टोकाला. निघायच्या दिवशी सकाळी मी पोचवायला गेलो, तर ती पायरीवर नेलकटर घेऊन बसली होती. कॉलेजच्या सूचनांत नखं आखूड हवीत असं होतं. नऊ बोटं झाली होती. उजवा अंगठा राहिला होता, आणि ती त्याच्याकडे बघत थांबली होती. साडूभाऊ बॅगेला दोरी आवळत होते. मान वर न करताच म्हणाले, “काप की. तिथं चिमटे असत्यात.”

तिने कापलं. बारीकसा आवाज झाला. मग बापाने घरातले सगळे दोरे एकेक करून काढले, चिठ्ठ्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात भरल्या आणि ते पाकीट तिच्या बॅगेत ठेवलं. दोरा असलेलं बोंड वेचून वेगळं ठेवायचं, ही तीस वर्षांची सवय. काकूंचा दोरा मात्र खिडकीला तसाच राहिला. (तोही धरला, मुलगी झाली.) रिक्षा आली तेव्हा दीपाली धावत परत आत गेली, काहीतरी केलं आणि आली.

परवा त्यांच्याकडे गेल्तो. घर एकदम स्वच्छ. पंखा सरळ लागतो, फ्रिज सरळ उघडतो. साडूभाऊ मला पोहे देऊन खिडकीशी उभे होते. रिकाम्या गजावर आतल्या बाजूने एकच लाल दोरा होता, चिठ्ठी नसलेला. त्यांनी हळूच त्याच्याजवळ हात नेला आणि काही न विचारता मागे घेतला.

“हा कशाचा, साडूभाऊ?”

“म्हाईत न्हाई. जाताना बांधून गेली. आठ दिवसाला पाहून राह्यलो.”

“चिठ्ठी नाही तर सोडून टाका की. उगाच कशाला ठेवता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेच, दरोड्याचा सल्ला ऐकल्यासारखं. पण या वेळी आवाज खाली होता.

“दुसऱ्याच्या दोऱ्याला हात लावत नसतेत, पाव्हणं,” ते म्हणाले. “बांधणारी दिवाळीला येऊन राह्यली. ती सोडंल.”